धुराडे चोंदल्याच्या खुणा



निर्धूर चूल घरातच धूर सोडू लागली, की धुराडे काजळीने चोंदले असे समजा. आणखी खुणा पाहा. जाळ लवकर धरत नाही, पाइपाच्या सांध्यातून डांबरासारखे काळे पाणी ओघळते, काजळीचे पापुद्रे चुलीत पडतात. ओल्या सरपणाने हे लवकर होते.

ही काजळी पेट घेते. वर पाचटाचे छप्पर असले तर घराची राख व्हायला वेळ लागत नाही. चुलीपाशी डोके दुखले, गरगरले, तर विषारी वायू कोंडला समजा. दारे उघडून सर्वांना बाहेर काढा.

चूल थंड झाल्यावर चुली बांधणाऱ्या जाणत्या कारागिराकडून धुराडे साफ करून घ्या. तोवर ती पेटवू नका. सरपण वाळलेलेच वापरा.