आम्ही पाहिलेला यशवंतगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आत्ताच वर्षाचा अहवाल वाचून दाखवला. त्यात सहलीविषयी एकच वाक्य आहे : "मार्गशीर्षात भगिनींची सहल रेडी येथे जाऊन आली." अहवालात याहून जास्त काय लिहिणार? पण त्या सहलीवरून मंडळात नंतर जी बोलाचाली झाली ती अजून मिटलेली नाही. म्हणून त्या विषयावर मी चार शब्द बोलावे असे ठरले. भाषणाची मला सवय नाही. जे पाहिले आणि जे वाटले ते सरळ सांगते.

आपली सहल दर वर्षी देवस्थानाला जाते. रेडीच्या गणपतीला तर आपल्यापैकी बहुतेक जणी चार-पाच वेळा गेल्या असतील. १९७६ साली खाणीत माती काढताना ही द्विभुज मूर्ती सापडली, तेव्हापासून तिथे माणसांची रीघ लागली आहे. आपण जातो, नारळ देतो, प्रसाद घेतो आणि गाडीत बसतो. पण त्याच रेडीत, खाडीच्या तोंडाशी, केवढा तरी किल्ला उभा आहे आणि तो आपण पाहिलेला नाही, हे कोणाच्या मनातही येत नाही. यंदा काही जणींनी गडावर जाऊ असे सुचवले तेव्हा एक काकी म्हणाल्या, "गडार काय आसा बगूक? पडके फातरच ना?" बैठकीत सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र खरा होता, आणि त्याला उत्तर देणे अवश्य आहे.

गड मोडका आहे हे खोटे नाही. छप्पर कुठेच उरलेले नाही. कमानीच्या दरवाजातून आत गेले की गारवा लागतो, कारण डोक्यावर झाडांचे मांडव झाले आहेत. आत बालेकिल्ला आहे आणि त्याच्याभोवती खोल खंदक खणलेला आहे. बालेकिल्ल्यातल्या वाड्याच्या उंच भिंती, दारे आणि खिडक्यांच्या जागा उभ्या आहेत. सगळे काम जांभ्या दगडाचे. आपली घरे ज्या चिऱ्यांची, त्याच जातीचा दगड. आणि त्या भिंतींवर वडाची मुळे अशी उतरली आहेत की जणू कोणी जाड दोरखंडांनी भिंती करकचून बांधून ठेवल्या आहेत. बुरुजावर चढलो तर एका अंगाला रेडीची खाडी, समोर दर्या, आणि दूरवर शिरोड्याच्या वेळागराची वाळू. आमच्यातल्या तिघींचे गुडघे दुखतात. त्यासुद्धा हात धरून वर आल्या आणि मग खाली उतरायला तयार होईनात.

ज्या काकींनी पडके फातर म्हटले होते त्याच एका भिंतीपाशी थांबल्या. भिंतीत कोनाडा होता. त्यांनी त्यात हात घातला आणि म्हणाल्या, "हय दिवो लावीत असतले." मग आम्ही सगळ्याच बघू लागलो. पाणी कुठून आणीत असतील, चूल कुठे असेल, पावसाळ्याची लाकडे कुठे रचीत असतील? पुरुषमाणसे गडावर गेली की तोफा आणि लढाया शोधतात. आम्हाला तिथे घर दिसले. शे-दोनशे माणसे गडावर राहायची म्हणजे त्यांना दोन वेळा जेवायला लागणार, आणि ते कोणाच्या तरी हातानेच शिजणार. त्या हातांची नावे इतिहासात नाहीत, पण ते हात होते यात शंका नाही.

आता थोडा इतिहास सांगते. रेडी हे फार जुने बंदर. चालुक्यांच्या ताम्रपटात व शिलालेखात ज्या रेवतीद्वीपाचे नाव येते ते हेच असे इतिहासाचे अभ्यासक मानतात. शके ५३२, म्हणजे इसवी सन ६१०-११ च्या सुमारास, चालुक्यांचा एक अधिकारी तिथून कारभार पाहत होता. म्हणजे चौदाशे वर्षे झाली. १६६२ साली शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेऊन त्याची डागडुजी करविली असे सांगतात. पुढे तो वाडीकर सावंतांकडे होता. १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतांवर चाल केली. त्यांनी हळर्ण घेतले, तेरेखोल घेतला आणि रेडीही घेतली. हळर्ण जिंकले म्हणून त्यांच्या व्हाइसरॉयला आलोर्ना हा किताब मिळाला. रेडी काही वर्षांनी तहाने परत आली. तेरेखोल मात्र गेला तो गेलाच. नदीच्या आपल्या काठावर असूनही तो गोव्यात मोडतो, त्याचे कारण हे.

१७६५ साली इंग्रज कंपनीच्या आरमाराने मालवणचा सिंधुदुर्ग आणि रेडीचा गड, दोन्ही घेतले. पुढल्या वर्षी रेडी परत दिली, पण फुकट नव्हे. सावंतांना त्यासाठी मोठी रक्कम कबूल करावी लागली, आणि ती उभी करण्यासाठी वेंगुर्ल्याचे उत्पन्न गहाण पडले. भगिनींनो, हे वाचले तेव्हा मला राजेरजवाडे एकदम जवळचे वाटू लागले. अडचणीच्या वेळी बांगड्या गहाण टाकून घर सोडवायचे, हे आपल्यापैकी कितीजणींनी केले आहे! राज्याचीही तीच तऱ्हा.

शेवटी १८१९ साली इंग्रजांनी निवती आणि रेडी हे दोन्ही गड तोफा लावून घेतले, आणि वाडीचे संस्थान त्यांच्या छायेखाली गेले. त्याच्या आधीची काही वर्षे संस्थानचा कारभार कोण पाहत होते? राणी दुर्गाबाई. राजे लहान होते, आणि कारभार बाईच्या हाती होता. एकीकडे कोल्हापूरकर, एकीकडे इंग्रज, खजिना रिकामा, सरदार ऐकत नाहीत, अशा काळात त्या बाईने राज्य सांभाळले आणि इंग्रजांपुढे सहज मान तुकवली नाही. आपल्या मुलुखाच्या इतिहासात अशी बाई होऊन गेली हे मला या वयापर्यंत कोणी सांगितले नव्हते. शाळेच्या पुस्तकातही ती नव्हती. गडावर जायचे ठरले म्हणून मी वाचनालयात गेले, तेव्हा तिची गाठ पडली. "गडार काय आसा बगूक" याचे पहिले उत्तर हे. नुसता गड पाहायला जाऊ नये, पण गडाच्या निमित्ताने पुष्कळ दिसते.

परत येताना तेरेखोलही पाहिला. तिथला किल्ला रंगवलेला, नीटनेटका. आत सेंट अँटनीचे चर्च आहे आणि किल्ल्यातच हॉटेल झाले आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रही याच किल्ल्यात शिरले, त्यांनी तिरंगा लावला आणि तुरुंगवास भोगला. पुढे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. तोवर आपल्या आरोंद्याच्या समोरचे किरणपाणी हा परमुलूख होता. आपल्या सासवांच्या वेळी पलीकडे माहेर असले तरी मध्ये सरकारे दोन होती. आज आपण पुलावरून बाजारहाटाला जातो-येतो आणि ते आठवतही नाही.

दोन्ही किल्ले एका दिवसात पाहिल्यावर गाडीतच वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणाला, रेडीचा गड असाच राहिला तर झाडे त्याला खाऊन टाकतील. गावातल्या पोरांना कोयते देऊन सगळी झाडे एकदा तोडून टाकावी. दुसरा पक्ष म्हणाला, सरकारचे काम सरकार करील, आपला काय संबंध? हाच वाद पुढे मंडळाच्या बैठकीत आला आणि थोडी कडू बोलणीही झाली. दोन्ही पक्षांच्या भगिनी इथे समोर बसल्या आहेत. त्यांनी रागावू नये. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत, आणि का ते सांगते.

जांभा कसा असतो ते आपल्याला कोणी शिकवायला नको. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की कठीण, आणि अंगभर भोके. दोन चिऱ्यांमधला चुना पावसाने धुपून गेला की फटीत माती बसते. पाखरू वडा-पिंपळाचे बी तिथे टाकते. विहिरीच्या कठड्यावर पिंपळाचे रोप आले तर आपण काय करतो? दोन पानांवर असतानाच उपटतो. तेव्हा ते निघते. बोटाएवढे झाले की निघत नाही, आणि मांडीएवढे झाले की चिरे हलवते. पण त्याच्याही पुढे एक वेळ येते. भिंत झाडाला धरून राहत नाही, झाड भिंतीला धरून राहते. अशा वेळी झाड तोडले तर आतली मुळे कुजतात, त्यांची जागा पोकळ होते आणि पुढल्या दोन-चार पावसांत भिंत खाली बसते. आपल्याकडचा पाऊस काय असतो तेही सांगायला नको. म्हणून कोयता घेऊन जाणाऱ्यांना माझी विनंती आहे : थांबा. कोणते झाड काढायचे, कोणते ठेवायचे, भिंतीचा माथा चुन्याने कसा बंद करायचा म्हणजे पाणी आत मुरणार नाही, हे जाणत्यांचे काम आहे. पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय तिथला एक चिराही हलवू नये. जुन्या वास्तूचा चिरा घरच्या पायरीला आणणे तर मुळीच नको. शिवाय ती झाडे तरी आपली वैरीण थोडीच आहेत? वाटेवरचे काजू, करवंदीच्या जाळ्या, वडाची सावली, पाखरे, हे सगळे मिळून तो गड आहे. नुसत्या उघड्या भिंती उन्हात उभ्या केल्या तर दुपारी तिथे कोण बसेल?

आता "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांना. वाचनालयातल्या एका पुस्तकात मी वेल्स नावाच्या मुलुखाविषयी वाचले. इंग्लंडच्या पश्चिमेला, लहानसा डोंगराळ देश. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाने तिथल्या लोकांना दाबात ठेवण्यासाठी कॉनवी, हार्लेक, कार्नार्वन असे दणदणीत किल्ले बांधले. म्हणजे ते त्यांच्या पारतंत्र्याचे किल्ले. तरीही आज वेल्सचे लोक ते सांभाळतात, भोवतालची झाडे आणि हिरवळ राखतात, आणि मुलाबाळांना घेऊन सुटीचा दिवस तिथे काढतात. १९८६ सालापासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांच्या किल्ल्यांची देखभाल करणाऱ्या खात्याचे नावच त्यांच्या भाषेत "जतन कर" अशा अर्थाचे आहे. ज्यांनी आपल्याला जिंकले त्यांचे किल्लेसुद्धा ते लोक आपले म्हणून जपतात, आणि आपण आपल्या राज्याच्या गडाला पडके फातर म्हणतो!

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले त्याच जागतिक यादीत गेले. त्यांत आपल्या जिल्ह्याचे दोन आहेत, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग. आपल्या सगळ्यांना त्याचा आनंद झाला आणि व्हायलाच हवा. पण यशवंतगड त्या यादीत नाही. थोरल्या बहिणींचे लग्न थाटात झाले म्हणजे धाकटीकडे कोणी बघायचेच नाही काय? यादीतल्या किल्ल्यांकडे जग बघेल. यादीत नसलेल्याकडे शेजारच्या गावानेच बघायचे असते.

आणि रेडीत आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसते. लोखंडाच्या खाणींनी तिथले डोंगर कसे झाले आहेत ते तुम्ही गणपतीला जाताना पाहिलेच असेल. खाणींनी पुष्कळ घरांच्या चुली पेटवल्या. त्यांना नावे ठेवण्याचा माझा अधिकार नाही. पण खणलेला डोंगर पुन्हा उभा राहत नाही, एवढे मात्र खरे. त्याच गावात इतक्या वर्षांचा गड आणि त्याच्याभोवतीची राई शिल्लक आहे. गेली की तीही पुन्हा यायची नाही.

तेव्हा मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. एक, दर वर्षी पाऊस संपला की मंडळाची एक गडफेरी व्हावी, आणि तिला मुली व सुना यांना आवर्जून न्यावे. देवदर्शन आहेच. ते सोडा असे मी म्हणत नाही. दोन, जाताना पिशवी न्यावी आणि प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टने दिसतील ती गोळा करून आणावी. ह्याला कोणाची परवानगी लागत नाही. तीन, मंडळाच्या सह्यांनी पुरातत्त्व खात्याला एक अर्ज करावा, की पावसाळ्यापूर्वी भिंती तपासा, लहान रोपे वेळच्या वेळी काढवा, आणि ते काम करताना आम्हाला काही करता येण्यासारखे असेल तर सांगा. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे. चहापाण्याच्या वेळी तो चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवते. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी. पटणार नाही त्यांनी तसे तोंडावर सांगावे, म्हणजे पुढल्या बैठकीत बोलता येईल.

पडके फातर म्हणणाऱ्या काकींनी आपली सही आधीच केली आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेते.