शब्द गोरचे, आवाज गानचा



लंडनच्या पूर्वेला बॅझिल्डन नावाचं गाव आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर मुद्दाम वसवलेलं. १९८० साली तिथली काही पोरं सिंथेसायझर घेऊन बँड जमवत होती. त्यांतल्या व्हिन्स क्लार्कने एका तालमीत डेव्ह गान या अठरा वर्षांच्या मुलाला डेव्हिड बोवीचं ‘हीरोज’ गाताना ऐकलं आणि बोलावून घेतलं. बँडला नाव गाननेच सुचवलं, एका फ्रेंच फॅशन मासिकाचं: डेपेश मोड.

१९८१ मध्ये पहिला अल्बम गाजला आणि गाणी लिहिणारा क्लार्कच सोडून गेला. लेखणी बँडमधल्याच मार्टिन गोरकडे आली. गोरने लिहायचं, गानने गायचं, हा रिवाज बहुतांशी पुढे वीसहून जास्त वर्षं चालला. सिनेमाच्या गाण्यांवर वाढलेल्या आपल्याला यात काही वावगं वाटणार नाही. रॉकच्या दुनियेत मात्र गायकाने स्वतःचंही काही लिहावं अशी अपेक्षा असते, आणि आपण काही लिहीत नाही हे गानला सलू लागलं.

माझ्या मते यंत्रांच्या त्या संगीतात जीव ओतला तो गानच्या भरदार, खालच्या पट्टीतल्या आवाजाने. ‘एन्जॉय द सायलेन्स’ हे गाणं घ्या. गोरने ते बांधलं होतं संथ, चक्क पेटीवर! तेव्हा बँडमध्ये असलेल्या अ‍ॅलन वाइल्डरने लय वाढवायला सुचवलं. गोरला आधी ते रुचलं नाही. पण १९९० साली त्या चालत्या ठेक्यावर गानचा आवाज शांत, ठाय राहिला आणि गाणं जगभर गेलं.

यशासोबत हेरॉइनही आलं. मे १९९६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात अतिसेवनाने गानचं हृदय दोन मिनिटं बंद पडलं होतं. तो वाचला, व्यसनमुक्तीचे उपचार घेतले आणि गाणं जणू नव्याने शिकला. १९९७ चा ‘अल्ट्रा’ त्यातूनच पुरा झाला.

स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम त्याने २००३ मध्ये काढला. २००५ च्या ‘प्लेइंग द एंजल’मध्ये त्याची तीन गाणी आली, म्हणजे बँडमध्ये आल्यावर पंचवीस वर्षांनी. २०२२ मध्ये बँडमधला जुना साथी अँडी फ्लेचर वारला. बँडमध्ये उरलेल्या गोर आणि गान या दोघांनी पुढच्याच वर्षी ‘मेमेंटो मोरी’ हा अल्बम आणला.

श्रोतेहो, जमलं तर १९९३ चा ‘साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन’ आणि त्यानंतरचा ‘अल्ट्रा’ लागोपाठ ऐका. शब्द नाही कळले तरी चालेल. आवाजाकडे लक्ष द्या.