शुगर लपवावी का लागते?

(तामलवाडी, ता. तुळजापूर येथे बचत गटांच्या महिलांपुढे केलेलं भाषण)

आजचा विषय शुगरचा आहे म्हटल्यावर काहीजणी म्हणाल्या, "ताई, मग डॉक्टरांनाच बोलवायचं की!" गोळ्या आणि पथ्य डॉक्टरांकडूनच समजून घ्यायला हवं. पण समाजकार्यकर्ती म्हणून घरोघरी जाते तेव्हा मला दिसतं ते वेगळंच. गोळ्यांची पाकिटं डाळीच्या डब्यात असतात. रिपोर्ट साडीच्या घडीत असतो. शुगर वाढेल याच्यापेक्षा ती कुणाला कळेल, याची धास्ती मोठी असते. म्हणून आज मी बोलणार आहे ते या लाजेबद्दल.

ही लाज येते कुठून? "खाण्यावर ताबा नाही, म्हणून झाली," असं सर्रास म्हटलं जातं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांचं सरासरी वजन साडेतीन किलो, तर आपल्या बाळांचं पावणेतीन किलोच्या आसपास. आपली बाळं दिसायला बारीक, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ पुढे शुगरला वाट करून देते, असं या कामातून पुढे आलं. आता सांगा, जी बाई सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं खात आली, तिच्याच लेकीला "जास्त खाल्लंस" म्हणायचं?

लहान मुलांना होते ती शुगर आणखी वेगळी. त्यात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात गोड खाण्याचा दोष नाही आणि आईचाही नाही. १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोमध्ये ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं वाचत नसत. आज इन्सुलिन घेणारी मुलगी शिकते, नोकरी करते, नीट देखरेख असेल तर बाळंतीणही सुखरूप होते. तरी स्थळं बघायला लागलं की घरचेच म्हणतात, "सुईचं काही बोलू नकोस." मुलाला शुगर असेल तर "औषध चालू आहे" म्हणून विषय संपतो. मुलीला असेल तर ती 'खोट' ठरते. रोग एकच, पण मोजमाप दोन. आपल्याला भांडायचं आहे ते या दोन मापांशी.

लाजेची किंमत शरीर मोजतं. शुगर वाढली की सारखी लघवीला लागते. रानात खुरपायला गेलेली बाई आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाही. अंगावरून जातं, जांघेत खाज सुटते; हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगितलं तर संशय, दवाखान्यात सांगायचं तर समोर पुरुष डॉक्टर. बाई वर्ष वर्ष सोसते. खरं तर ही खाज बऱ्याचदा वाढलेल्या साखरेमुळे बुरशी झाल्याने येते आणि उपचाराने जाते.

नवरात्रात घट बसले की गोळी घेऊन कडक उपास करणाऱ्या बायका आहेत. काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उपाशीपोटी साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हातपाय कापतात, शुद्ध हरपते. घरचे म्हणतात, अंगात आलं. अशा वेळी शुद्धीत असेल तर लगेच साखर-पाणी द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेली माणसं तुमच्या याच रस्त्याने जातात. जुनी शुगर असेल तर तळपायाला खडा रुतला, फोड आला तरी कळत नाही. श्रद्धा ज्याची त्याची. पण शुगर आहे हे सोबतच्या बाईला माहीत असलं, तर रात्री ती पाय तरी बघेल. लपवलं तर कोण बघणार?

आणि मनाचं काय? रोज सुई, रोज पथ्य, रोज हिशेब, त्यात सुट्टी नाही. या शिणावर १९९५ साली अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. भीती, अपराधीपणा, एकटेपणा हेही या आजाराबरोबर येतात, हे त्यातून मोजता येऊ लागलं. शुगर असलेल्यांत नैराश्य इतरांपेक्षा साधारण दुपटीने आढळतं. बाई लाजेने तपासणी टाळते, म्हणून साखर वाढते, साखर वाढली की बोलणी बसतात आणि बोलणी बसली की ती आणखी लपवते. हे चक्र एकटीला तोडता येत नाही.

२०२३ मध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाचा अंदाज आहे, की देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. इतक्या माणसांची ही गोष्ट एकेका बाईचं गुपित कशी काय असू शकते?

कायदाही माहीत असू द्या. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाची जी कारणं दिली आहेत, त्यांत मधुमेह नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात अपमान, हिणवणं हाही छळच मानला आहे. "रोगट बाई गळ्यात बांधली" हे रोज ऐकून घेणं हे कुणाच्या नशिबात लिहिलेलं नसतं.

मग करायचं काय? बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं तब्येतीची ठेवा. आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा अर्ज भरतात. तपासणीला चौघी मिळून जा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगुळाशेजारी भाजलेले शेंगदाणे ठेवा, म्हणजे नको म्हणणारीला कारण द्यावं लागणार नाही. आरोग्य केंद्रात बायकांना मोकळं बोलता येईल अशी आडोशाची जागा आणि स्त्री कर्मचारी हवी, असा ठराव ग्रामसभेत मांडा. फार उदास वाटलं, जीव नकोसा झाला, तर १४४१६ हा सरकारचा 'टेली-मानस'चा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

मैत्रिणींनो, कुणी कधी सांगावं हे जिचं तिनं ठरवायचं. आपण कुणाला उघडं पाडणार नाही. पण तिने सांगायचं ठरवलं, तर ऐकणाऱ्या चार बायका तिच्या गल्लीत असल्या पाहिजेत. त्या चौघी आज इथे बसलेल्यांतल्याच असणार आहेत.