लाटेच्या मापाची फळी



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडच्या विहिरींवर पोरांची झुंबड उडते. ज्याला पोहता येत नाही त्याच्या पाठीला पांगिऱ्याचा बिंडा बांधायचा आणि द्यायचा ढकलून, ही आपली जुनी शाळा. मीही त्याच शाळेत शिकलो. शिकवायला चुलते होते. पहिल्याच दिवशी मी हट्ट धरला, "आण्णा, सगळ्यांत मोठा बिंडा बांधा, म्हणजे बुडायचं भ्या नको." आण्णा हसले आणि त्यांनी खरोखरच मोठा बिंडा बांधला. पाण्यात पडलो मात्र, पाठ वर आली, तोंड पाण्यात गेलं, आणि हातपाय मारता मारता नाकातोंडात पाणी शिरलं. आण्णांनी बखोट धरून वर काढलं नि म्हणाले, "बिंडा तुला तरंगवतोय, पण पोहू देत नाही. माप चुकलं की तारणारंच मारतं, ध्यानात ठेव."

आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्याचं सगळं मर्म आण्णांच्या या एका वाक्यात आहे. हा खेळ म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं आणि लाटेबरोबर किनाऱ्याकडे धावत यायचं. याला सर्फिंग म्हणतात. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, म्हणजे २०२१ साली, या खेळाला प्रथमच स्थान मिळालं. या खेळातला एक जुना प्रश्न असा की, लाट मोठी असेल तर फळी केवढी घ्यावी? तुम्ही म्हणाल, आम्ही पडलो घाटावरचे. आमचा नि समुद्राच्या लाटांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जिवाशी आहे. पण तो शेवटी सांगतो.

या खेळाचं माहेर हवाई बेटं. ही बेटं पॅसिफिक महासागराच्या मध्यावर आहेत. तिथं सरदार-दरकदारांच्या फळ्या वेगळ्या आणि रयतेच्या वेगळ्या असत. सरदारांची फळी फार लांब; तिचं नाव 'ओलो'. रयतेची आखूड नि पातळ. तिचं नाव 'अलाया'. आता गंमत पाहा. ही लांब फळी ज्या हलक्या लाकडाची करीत, त्या झाडाचं नाव 'विलीविली', आणि हे विलीविली आपल्या पांगिऱ्याच्या सख्ख्या जातकुळीतलं झाड आहे. पानमळ्यात वेल चढवायला आपण जो पांगिरा लावतो, ज्याचा बिंडा आपल्या पाठीवर असतो, त्याच्याच भाऊबंदावर उभे राहून हवाईचे सरदार लाटा खेळत होते. हलकं लाकूड पाण्यावर माणूस तोलतं, हे ज्ञान दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं मिळवलं.

आता फळीच्या मापाकडे वळू. फळीला दोन कामं करायची असतात आणि त्या दोन कामांचं एकमेकांशी जमत नाही. पहिलं काम माणसाला तोलण्याचं, दुसरं लाटेवर वळण्याचं.

तोलण्याचा हिशोब गुरुजनांना ठाऊकच आहे. आर्किमिडीजचा सिद्धांत आपण सातवी-आठवीत शिकवतो. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तिला वर रेटा मिळतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून सर्फिंगच्या फळीचं माप नुसतं फुटात न सांगता लिटरातही सांगतात. नवशिक्या माणूस सत्तर किलोचा असेल, तर त्याला ढोबळमानाने सत्तर लिटरांची, रुंद आणि जाड फळी देतात. मुरलेला गडी मात्र त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी लिटरांची फळी घेतो, कारण तो तोल अंगाने सावरतो. आण्णा दर आठवड्याला बिंडा लहान करीत गेले आणि एके दिवशी तो सोडूनच दिला. तीच ही रीत.

मग मोठ्या लाटेला काय करायचं? इथं पुष्कळांची फसगत होते. वाटतं की, लाट मोठी म्हणजे फळी सगळ्याच बाजूंनी मोठी. तसं नाही. इथं प्रश्न वेगाचा आहे.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर आली की फुटते. दोन मीटर उंचीची लाट अडीच मीटर पाण्यात फुटेल. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे अठरा किलोमीटर असतो. आठ मीटर उंचीची लाट दहा मीटर पाण्यात फुटेल, आणि तिचा वेग ताशी सुमारे छत्तीस किलोमीटर. म्हणजे उंची चौपट, वेग दुप्पट. गुरुजनांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर घालावं. वर्गमूळ कशाला शिकायचं असं विचारणाऱ्या पोरांना उत्तर मिळेल.

आता माणसाचा वेग पाहा. जगातले अतिवेगवान जलतरणपटूसुद्धा पन्नास मीटर अंतर एकवीस सेकंदांच्या आसपास कापतात, म्हणजे ताशी साडेआठ किलोमीटर. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहला आणि २०१० च्या आशियाई सामन्यांत त्याने कांस्यपदक मिळवलं. तो याच तोडीच्या जवळचा गडी. पण असा गडीसुद्धा छत्तीस किलोमीटर वेगाच्या लाटेपुढे काय करणार?

चालती एस.टी. पकडायची असेल तर माणूस जागेवर उभा राहून चालत नाही. गाडीच्या दिशेने आधी पळावं लागतं. तसंच इथं आहे. लाट येण्यापूर्वीच फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारीत वेग घ्यावा लागतो. पुढचा वेग लाटेचा उतार देतो. पण आधीचा वेग हाताचा. तो कमी पडला, तर लाट पायाखालून निघून जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे माणसाला माथ्यावर उचलून खाली आपटते. आणि पाण्यावरून चालणाऱ्या कुठल्याही तरंगत्या वस्तूला, मग ती होडी असो की फळी, लांबी जास्त तर वेग जास्त मिळतो. सहा फुटी फळीपेक्षा दहा फुटी फळी तेवढ्याच दमात अधिक पळते. म्हणून मोठ्या लाटेला लांब फळी.

पण लांब म्हणजे रुंद नव्हे. रुंद फळी उंच लाटेच्या कड्यावरून उतरताना घसरते, तिच्याखाली वारा शिरतो आणि ती उचलली जाते. हवाईच्या लोकांना हा अनुभव १९३० नंतरच्या काळात आला. तेव्हा त्यांनी फळीचं मागचं टोक तासून निमुळतं केलं, म्हणजे ते पाण्यात रुतून राहू लागलं. १९३५ साली टॉम ब्लेक या माणसाने फळीच्या बुडाला माशाच्या परासारखा उभा पंख बसवला, त्याने दिशा धरता येऊ लागली. आज मोठ्या लाटेची फळी नऊ ते अकरा फूट लांब, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. तिला इंग्रजीत 'गन' म्हणजे बंदूकच म्हणतात.

आणि आता एक उलटी गोष्ट ऐका. पोर्तुगालमध्ये नाझारे नावाचं गाव आहे. तिथं समुद्राच्या तळाशी खोल दरी आहे, तिच्यामुळे लाटा भयंकर उंच होतात. २०२० साली सेबास्टियन स्टॉइटनर हा जर्मन खेळाडू तिथं २६.२१ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ-नऊ मजली इमारतीएवढ्या लाटेवर उभा राहिला. त्याची फळी अकरा-बारा फुटी असेल असं तुम्ही म्हणाल. नाही. अशा लाटांवर सहा फुटांच्या आसपासची, आखूड आणि जड फळी वापरतात. का? तिथं माणसाला यांत्रिक वाहनाने दोरीने ओढून लाटेवर नेतात. हाताने वेग घ्यायचा नाही, मग लांबीची गरजही उरत नाही. म्हणजे लांबी लाटेच्या उंचीसाठी नव्हती. ती लाट पकडण्यासाठी होती. आधी काम कोणतं ते ओळखावं, मग माप ठरवावं.

श्रोतेहो, आता आपल्या दारात येऊ.

आपल्या नदीकाठच्या गावांत गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून पैलतीर गाठण्याची रीत होती. ती चुकीची होती असं मी म्हणणार नाही. एक हिशोब करू. सात फूट व्यासाची सपाट बुडाची काहील धरा. तिच्या बुडाचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस फूट. ती एक इंच पाण्यात बसली, तर सुमारे नव्वद लिटर पाणी सारते. म्हणजे नव्वद किलो वजन वाढलं की काहील फक्त एक इंच खाली जाते. तोलण्याचं काम तिच्यासारखं कुणी करणार नाही! पण ती गोल आहे. तिला नाळ नाही, दिशा नाही. धारेत ती गरगर फिरते. काठ बुटके, त्यामुळे माणसं एका बाजूला सरकली किंवा लाट आली की पाणी आत. काहील संथ पाण्याची. धारेच्या पाण्यात ती नवशिक्याच्या रुंद फळीसारखी आहे. तरंगेल, पण ऐकणार नाही.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही सालांत नदी पन्नास फुटांच्या वर गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्येच सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ इथं पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि अनेक माणसं बुडाली, त्यांत बायका होत्या, लेकरं होती. ते दुःख आपण विसरू नये. नाव मोठी दिसते म्हणून ती सगळं गाव नेणार नाही. आणखी एक माणूस चढला की काठ पाण्याच्या आणखी जवळ येतो, हे डोळ्यांनी दिसतं. पण घाईत कुणी बघत नाही.

दुसरी गोष्ट बंधाऱ्याची. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी पडतं तेव्हा खाली फेसाचा पट्टा दिसतो. तो दिसायला समुद्राच्या लाटेसारखा, पण स्वभावाने वेगळा. समुद्राची लाट माणसाला किनाऱ्याकडे आणते. ही इथली लाट जागेवरच उलटी फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा भिंतीकडे ओढते. फेसात हवा भरलेली असते, म्हणून ते पाणी नेहमीइतका रेटाही देत नाही. तिथं बिंडा, ट्यूब, रिकामा कॅन, काहीही घेऊन उतरू नये. त्या पाण्याला मापाची फळी नाही. तिथं काठावर राहणं हेच माप.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात एक पाण्याची परात आणि एक डबा न्या. डब्याच्या बाहेर रंगाने रेघ ओढा. डब्यात एकेक खडा टाकत रेघ पाण्याला टेकू द्या, आणि मुलांना सांगा, "ही रेघ म्हणजे आपलं गाव. इथपर्यंतच." मग पराती हलवून लाट करा आणि रेघेवर थांबलेला आणि रेघेपलीकडे भरलेला डबा यांत काय फरक पडतो ते त्यांना पाहू द्या. असा धडा मूल विसरत नाही.

आणि कोकणात सहलीला गेलात, कुठं फळीचा खेळ शिकवत असतील, तर मुलांना जरूर शिकू द्या. मात्र पावसाळा सरल्यावर, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली आणि रुंद फळीवर. जूनमध्ये मच्छीमारसुद्धा नावा ओढून काठावर ठेवतात, तेव्हा आपण शहाणपण कशाला करावं?

आण्णा आता नाहीत. पण पाण्यापाशी गेलो की त्यांचं वाक्य आठवतं. पाणी कोणतं, काम कोणतं आणि आपली ताकद किती, या तिन्ही गोष्टी पाहून माप घ्यावं. आणि माप सापडत नसेल तर मुकाट्याने काठावर बसावं. त्यात कमीपणा नाही.