दाढ काढल्यावर मिश्रीची डबी लांब ठेवा



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीला आमच्या एक काकू तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. हप्ता भरला, सही केली, पण बोलल्या नाहीत. त्यांची खालची अक्कलदाढ आडवी आली होती. डॉक्टरांनी हिरडी उघडून, थोडं हाड कापून ती काढली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी सवयीनं मिश्री लावली, खळखळून चूळ भरली. तिसऱ्या रात्री कानापर्यंत ठणका! घरचे म्हणाले, डॉक्टरनंच काहीतरी बिघडवलं.

तसं नव्हतं. दाढ निघाली की खड्डा राहतो आणि त्यात रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजे आतल्या हाडावरची खपलीच. ती निघाली की हाड उघडं पडतं आणि ठणका लागतो. डॉक्टरांनी जखम धुऊन औषधाची पट्टी भरली, मग उतार पडला.

म्हणून डॉक्टरांनी दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. सारखा काढून बघायचा नाही. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. त्या दिवशी चूळ नाही, नळीनं ओढून पिणं नाही. गार दहीभात खा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात धरा आणि हळूच सोडून द्या. आणि मिश्री नको. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," असं आपण डॉक्टरांना सांगतो. अगं, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की!

दाढ काढायच्या आधीही काही सांगावं लागतं. साखर आहे का, दिवस गेलेत का, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ झाली म्हणून इंजेक्शन घेतलंय का. या इंजेक्शनानंतर जबड्याचं हाड कधीकधी भरून येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, त्यात जिवाला धोका असतो. नावं पाठ नसतात ना? मग गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून न्या.

खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाची नस जाते. भुलीचा बधिरपणा काही तासांत उतरतो, पण नसेला धक्का लागला तर ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. माझ्या दाढेला हा धोका किती, हे कागदावर सही करायच्या आधी विचारा. विचारलं म्हणून डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी विचारा.

सूज दोन-तीन दिवस वाढते, मग उतरायला लागते. त्यानंतरही वाढत गेली, ताप आला, तोंड रक्तानं भरायला लागलं तर लगेच डॉक्टर गाठा. गिळता येईना किंवा श्वास अडकला तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका, त्याच रात्री गाडी करा.

काकूंची गोष्ट इथं संपली नाही. पट्टी भरताना डॉक्टरांना त्यांच्या ओठाच्या आत, मिश्री धरतात तिथं, पांढरा चट्टा दिसला. तुकडा काढून तपासू म्हणाले. झालं, घरात एकच ओरड : सुरी लागली की रोग पसरतो. हे खोटं आहे. तपासणीसाठी छोटा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. उशीर केला तर मात्र तो वाढतो, आणि मग जबड्याचं हाडच कापावं लागू शकतं. दोन आठवड्यांत न भरणारं तोंड आलेलं असो, पांढरा-लाल चट्टा असो की आपोआप हलायला लागलेला दात, तपासून घ्यायचंच.

मी तीन वेळा काकूंच्या घरी गेले. शेवटी सूनबाई म्हणाली, "मी नेते आईंना." मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथं जबड्याच्या शस्त्रक्रियेचा वेगळा विभाग असतो. गुरुवारी आम्ही तिघी निघतोय. काकूंनी डबी अजून टाकलेली नाही, पण माझ्याकडे ठेवायला दिलीय.