विंचू चावला तर

मंडळी, आज आपण विंचवाविषयी बोलणार आहोत. नाव काढताच दोघांतिघांनी पाय वर घेतले, ते आम्ही पाहिले! भिऊ नका. विंचवाची ओळख करून घेऊ. ओळख झाली की भीती कमी होते आणि सावधपणा वाढतो.

आपली गावे नव्या मुंबईतली. १९७० साली सिडको स्थापन झाली. पुढे ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर वसू लागले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली, डोंगर फुटले. पण विंचू काही गेला नाही. दगडाखाली, विटांच्या ढिगात, लाकूडफाट्यात, जुन्या भिंतीच्या भेगेत त्याला जागा मिळतेच.

विंचू दिसतो कसा? किड्याला सहा पाय असतात, विंचवाला आठ. जाळे विणणाऱ्या कोळ्याचा तो भाऊबंद. पुढे दोन चिमटे. मागे गाठीगाठींची शेपटी. तिच्या टोकाला नांगी, आणि नांगीत विष. त्याची नजर मंद असते. पण जमीन जराशी हलली तरी पायांवरच्या केसांना ते कळते. दिवसा तो दडून बसतो. रात्री बाहेर पडून झुरळे आणि रातकिडे खातो. पोट भरलेले असले तर महिनोन्महिने उपाशी राहतो. म्हणून बंद घर उघडताना जपून उघडावे.

विंचवी अंडी घालत नाही. तिची पिले जिवंत जन्मतात. पांढरी, मऊ पिले आईच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकीपर्यंत तिथेच राहतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो ना, ते असे! पिले आईला खाऊन टाकतात असेही लोक सांगतात. ते मात्र खरे नाही.

विंचू आपल्या मागे लागत नाही. पाय पडला, हात लागला, अंथरुणात दाबला गेला, तरच तो नांगी मारतो.

आता मुख्य गोष्ट. कुठल्या विंचवाला जास्त भ्यावे? तुम्ही म्हणाल, काळ्या इंगळीला. दिसते मोठी, चिमटे जाडजूड! पण आपल्याकडे जिवाला खरा धोका लाल विंचवाचा. तो दोन-तीन इंचांचा. चिमटे बारीक, शेपटी मात्र जाड. इंगळी चावली की माणूस कळवळतो, पण बहुधा वाचतो. लाल विंचू चावला तर कधी कधी दुखते थोडे आणि विष चढते फार. कमी दुखते म्हणून विष कमी, असे समजू नका.

आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडी आहे. १९७६ साली तिथल्या सरकारी दवाखान्यात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. ते मराठवाड्यातल्या गरीब शेतकऱ्याचे पुत्र. विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत मरताना त्यांनी पाहिली. विष जोरात चढलेल्या शंभरांपैकी तीस-चाळीस रोगी तेव्हा दगावत. डॉक्टर रात्र-रात्र रोग्यांच्या उशाशी बसले. कधी काय होते ते लिहून ठेवले. त्यातून उलगडा झाला.

ह्या विषाने रक्तवाहिन्या आवळतात. रक्ताचा दाब वाढतो. हृदय दमते. मग फुप्फुसांत पाणी भरते आणि श्वास कोंडतो. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची गोळी आधीपासून होती. ती रक्तदाबासाठी देत. बावस्करांनी ती विंचवाच्या रोग्यांना दिली, आणि माणसे वाचू लागली. वेळेवर उपचार मिळाले तर आता शंभरांत एखाददुसराच दगावतो. विंचवाच्या विषावरची लसही आहे. लस आणि गोळी दोन्ही दिली तर रोगी लवकर बरा होतो, असे त्यांनी २०११ साली दाखवले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

कुणी विचारील, “अहो, मंत्र घातला की विंचू उतरतो, त्याचे काय?” उतरतो खरा. पण बहुतेक विंचवांचे विष आपोआपच उतरते. मंत्र घातला तरी उतरते, नाही घातला तरी उतरते. लाल विंचवाचे विष मात्र मंत्राला थांबत नाही. मांत्रिकाच्या दारात गेलेला तास मग परत मिळत नाही.

म्हणून ही लक्षणे पाठ करा. उलटी. दरदरून घाम. तोंडाला लाळ. हातपाय गार पडणे. छाती धडधडणे. धाप लागणे. यातले एकही दिसले तर दवाखाना गाठा. लहान मुलाला विंचू चावला तर लक्षणांची वाटही पाहू नका. मुलाला धोका सर्वांत जास्त.

चावलेली जागा कापू नका. तोंडाने चोखू नका. दोरीने आवळू नका. रॉकेल किंवा पाला लावू नका. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून ठेवा. रोग्याला निजवून ठेवा, धीर द्या आणि गाडी बोलवा. गोळी आपल्या मनाने देऊ नका, ते डॉक्टर पाहील.

चावूच नये म्हणून काय करावे? जोडा झटकून घालावा. अंथरूण झटकून पसरावे. खाट भिंतीपासून दूर ठेवावी. भिंतीच्या भेगा बुजवाव्या. दगड, विटा, सरपण उचलताना आधी काठीने हलवून पाहावे. रात्री बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर जाऊ नये.

जाता जाता एक काम सांगतो. आजच करा. रुग्णवाहिकेचा नंबर १०८ आहे. घरी गेल्यावर खडू घ्या आणि दारामागे मोठ्या आकड्यांत १०८ लिहा. त्याखाली जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव लिहा. रात्री-अपरात्री कुणाला विचारत बसायला नको. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. तुमच्याच हाताने लिहा. आता तुम्हाला लिहिता येते!