स्वागताध्यक्षीय भाषण : पुरावा, प्रयोगशाळा आणि न्याय



न्यायसहायक विज्ञानाच्या, म्हणजे गुन्ह्याचा तपास व न्यायदान यांच्या कामी येणाऱ्या शास्त्रांच्या, अभ्यासकांचे मुळशी तालुक्यात स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. या विज्ञानाचे मुळशीवर ऋण आहे. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील रासायनिक कारखान्याच्या आगीत होरपळलेल्या कामगारांचे, त्यांतही बहुसंख्य स्त्रियांचे, देह ओळखू येईनासे झाले, तेव्हा डीएनए चाचणीचा, म्हणजे आईबापांकडून अपत्यात उतरणाऱ्या आनुवंशिक खुणा जुळवून पाहण्याचा, आधार घ्यावा लागला. गुन्हेगार शोधण्याइतकेच हे कामही मोलाचे आहे.

मुंबई इलाख्यात या शास्त्राचा भर प्रारंभी विषपरीक्षेवर होता. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेऊन उरलेले फेकून दिले, तेव्हा पेल्याच्या तळाशी गडद गाळ दिसला, आणि मुंबईचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांना त्यात सोमल व हिऱ्याची पूड आढळली. मात्र सोमल कोणी घातला, हे गाळातून कळणे शक्य नव्हते. या विषप्रयोगाचा संशय असलेले बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगातील तीन युरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी मानले, तीन भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध वाटला नाही, आणि अखेर १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन महाराजांना पदच्युत करण्यात आले.

पुण्याचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू यांच्यावरील, एका स्त्रीच्या खुनाच्या खटल्यात नेमके उलटे घडले. व्हिसेऱ्यात, म्हणजे शवविच्छेदनात राखून ठेवलेल्या अवयवांत, विष सापडले नाही. तरीही काही विषांचा मागमूस उरत नाही हे ध्यानात घेऊन, आणि मृत स्त्री जिवंत असल्याचे भासवणारी पत्रे व तिच्या मालमत्तेचा अपहार पाहून, सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये बहुमताने शिक्षा कायम केली. प्रयोगशाळेच्या अहवालाला उर्वरित पुराव्यापासून तोडून वाचता येत नाही, हे या दोन प्रकरणांइतके क्वचितच कोठे स्पष्ट दिसते.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद असून, तिच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पण पुरावा गोळा करण्याइतकेच तो जपणेही महत्त्वाचे आहे. मुळशीतील पौडच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत उचललेला नमुना पुण्याच्या गणेशखिंडीतील प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाकोणाच्या हातून गेला, त्याचे सील शाबूत राहिले का, या साध्या वाटणाऱ्या नोंदींवर परिषदेने सविस्तर चर्चा करावी, अशी स्वागत समितीची विनंती आहे.